नळीशिवाय मिरी

३ फेब्रुवारी, सोमवार

माझी उशी गेली.

इतिहासात राज्यं गेली, मुकुट गेले, त्यांच्या नोंदी ठेवायला पगारी माणसं होती. माझ्या उशीची नोंद मलाच करावी लागतेय. वर्षानुवर्षं डोकं आपटून मी तिला वळण लावलं होतं. मानेखाली तिला एक खळगा पडला होता, अगदी माझ्या मापाचा. तसा खळगा बाजारात मिळत नाही. आज दुपारी भावजय आली, उशी उचलली आणि म्हणाली, "ताई, ही जरा नेते हं." इतक्या गोड आवाजात!

तिथेच मी सावध झाले. भावजय विमानतळावर घोषणा करते. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" म्हणणारी ती हीच. घरात तिचा आवाज भांडी पडावीत तसा असतो. तो गोड झाला की समजावं, काहीतरी बिघडलंय.

मिरीचं डोकं दुखतंय. सकाळपासून उलट्या. डोकं उंच ठेवायला उशी हवी.

उशीवरचा दावा मागे घेतला. तक्रार मात्र कायम.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटल. नळी पुन्हा तुंबली!

ही वही नवी आहे, तिला आमच्या घरातलं काही ठाऊक नाही. तर वहीबाई, ऐका. मिरी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. सात वर्षांची, नावासारखीच — लहान आणि झोंबणारी. जन्मली आणि थोड्याच आठवड्यांत तिचं डोकं नको तितकं वाढायला लागलं. सगळ्यांच्याच मेंदूत आत पोकळ्या असतात (माझ्याबद्दल लोक हे आधीपासूनच म्हणतात), त्यांत पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेनं खाली उतरतं. मिरीची ती वाट जन्मतःच चिंचोळी. पाणी आतच साचायचं आणि मेंदूला दाबायचं. म्हणून कानामागे कातडीखाली एक झडप बसवली आणि तिथून मानेतून, छातीवरून थेट पोटात एक नळी सोडली. साचलेलं पाणी पोटात. चाललं तर छानच चालतं. तुंबलं की धावाधाव, ऑपरेशन, नवी नळी. हे काही पहिल्यांदा नाही.

त्या झडपेला मिरी 'बटण' म्हणते. ते दाबलं की आपण उडतो, असं तिने वर्गात सांगून ठेवलंय. दोन मैत्रिणींनी दाबून पाहिलं. उडाल्या त्या वर्गाच्या बाई — खुर्चीतून.

घरात एक कायदा आहे: मिरीवर कुणी रागवायचं नाही. कारण डोक्यात पाणी चढलं की मूल चिडचिडं होतं, पेंगतं, रडतं. मग मिरी चिडली — लक्षण. रडली — लक्षण. दुपारी झोपली — फारच मोठं लक्षण. ताटातल्या गाजराकडे पाहून तोंड वाकडं केलं, हे तरी लक्षण नसावं असं मी सुचवलं, बहुमतानं नामंजूर. तिने पाय आपटला की भाऊ टॉर्च घेऊन डोळ्यांत बघतो. बिचारीला आजवर सरळ रुसताही आलेलं नाही.

मी दर आठवड्याला पेपरात कुणा ना कुणाची सालटी काढते. लोक मला फटकळ म्हणतात, आणि ते सौम्यपणे. या जिभेला घरात एकाच माणसापुढे सुट्टी असते.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवीन सर्जनबाई. उंची एवढीशी! ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्यासाठी वेगळं स्टूल आहे म्हणे. मी त्यावर लगेच दोन विनोद तयार केले आणि गिळले. ही बाई माझ्या वरचढ निघाली.

म्हणाल्या, "नळी बदलता येईल. पण त्याआधी एक सुचवते. दुर्बिणीतून ऑपरेशन. कवटीला छोटं छिद्र घेऊन बारीक दुर्बीण आतल्या पोकळीत न्यायची आणि तिच्या तळाला एक भोक पाडायचं. पाणी चिंचोळ्या वाटेला वळसा घालून खाली, जिथे एरवी जायला हवं तिथे जाईल. टिकलं तर नळी नको, झडप नको."

भाऊ पाणीपुरवठा खात्यात आहे. तीस माणसं हाताखाली आणि सगळं शहर नळाखाली. त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या साहेबाला कुणी शिवी दिली.

"भोक?"

"भोक."

"मॅडम, आमच्याकडे त्याला गळती म्हणतात."

"आमच्याकडे त्याला उपाय म्हणतात."

"पण पाइप नाही? झडप नाही? मग दाब सांभाळणार कोण?"

"तिचं शरीर. जन्मापासून कामावर हजर आहे ते. त्याला काम द्यायचं राहिलंय."

एक गुण सर्जनबाईंना. मनातल्या मनात. उघड देत नसते मी.

मग मी विचारलं — इतकं चांगलं आहे तर आधीच का नाही केलं? ताकाला जाऊन भांडं का लपवलं? "तान्ह्या मुलांत हे भोक पुष्कळदा बुजतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा नळी हाच बरोबर निर्णय होता. आता ती मोठी झालीय. शिवाय दोष नेमका त्या वाटेतच आहे, म्हणून आशा आहे. तिच्यासारख्या दहातल्या सात मुलांत टिकतं. तिघांना परत नळी लागते." धोका? जिथे भोक पाडायचं त्या पातळ पडद्याच्या बरोबर खाली मोठी रक्तवाहिनी. "म्हणून मी घाई करत नाही. आतलं नीट दिसलं नाही तर भोक न पाडता परत येईन आणि नळी बदलेन."

परत येईन म्हणाल्या, जशी काही बाजारातून. मला बरं वाटलं.

शेवटी त्या मिरीकडे वळल्या. "काय गं, बटण काढलं तर चालेल?"

मिरी उशीतून (माझ्या!) क्षीण आवाजात म्हणाली, "मग मी उडू कशी?"

"पायांनी पळून बघ आधी."

उद्या सकाळीच. थांबण्यासारखं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिला आत नेलं.

बाहेर आम्ही तिघं. भाऊ हॉस्पिटलने दिलेल्या भेटीच्या पासच्या पाठीवर मेंदूचा नकाशा काढतोय. टाकी, उपटाकी, मुख्य जलवाहिनी. शेजारी एक गृहस्थ बायकोच्या गुडघ्यासाठी आलेत, त्यांना समजावून सांगतोय. "म्हणजे बघा, इथे चोकअप." गृहस्थ मान हलवताहेत. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! पण बोलू दे. गप्प बसला तर तो फुटेल.

भावजय चहाच्या खिडकीशी गेली. "कृपया एक चहा मिळू शकेल का?" इतकी मधाळ की बाकड्यांवरच्या निम्म्या लोकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या.

मी लिहितेय. विनोद सुचत नाहीये.

नंतर —

झालं! झालं!! झालं!!!

सर्जनबाई आल्या. टोपी एका कानावर, तोंडावर मास्कचा वळ. आत सगळं स्वच्छ दिसलं म्हणाल्या. भोक पाडलं, चिमुकला फुगा फुगवून ते रुंद केलं, फुगा काढला आणि भोकाच्या कडा हलायला लागल्या. "वाऱ्यावर पडदा हलतो ना, तशा. म्हणजे पाणी वाहतंय." नळी आणि झडप दोन्ही काढली.

"प्रवाह आहे?" भावाचा प्रश्न.

"आहे."

"किती?"

"पुरेसा हो!"

भाऊ त्या गुडघ्याच्या गृहस्थांच्या गळ्यात पडला. गृहस्थही रडले. त्यांचं काय कारण होतं कुणास ठाऊक! आणि भावजय — माझी मधुरवाणी भावजय — अख्खा कॉरिडॉर दणाणेल अशी ओरडली, "अगं बाई, झालं गं! ताई, झालं!" दोन बेसिन आणि एक पातेलं एकदम जिन्यावरून पडावं तसा आवाज. माझ्या कानांना इतकं संगीत आजवर मिळालेलं नाही.

सिस्टर धावत आल्या. "हळू! हे हॉस्पिटल आहे!" तर ही म्हणते, "माहितेय हो! म्हणूनच!"

८ फेब्रुवारी, शनिवार

आईस्क्रीम मागितलं. पहिला चमचा तोंडात, दुसरा तोंडात, तिसरा माझ्या बाहीवर. नेम शाबूत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

अजून शाश्वती नाही. डोक्यातून बाहेर एक तात्पुरती नळी ठेवलीय. ती बंद करून बघताहेत की दाब चढतो का. चढला तर भोक पुरत नाही, म्हणजे जुनंच दुखणं परत. पलंगाशेजारी पडद्यावर आकडा दिसतो. भाऊ त्याच्यासमोर असा बसलाय, जसा धरणावर पहारेकरी. मिरी शिंकली, आकडा उडाला, आणि भाऊही.

"बाबा, तू माझ्याकडे बघ ना. सारखा टीव्हीच बघतोस."

थोडा ताप आहे. तो येतोच असं म्हणतात. 'येतोच' हा शब्द डॉक्टर किती सहज वापरतात! मला वापरून बघायचाय. लेख उशिरा? येतोच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दाब चढला नाही. तात्पुरती नळी काढली!

आज मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले. फोटो कसले, सिनेमाच. सर्जनबाईंनी आम्हांला पडद्यावर दाखवला. राखाडी ढगांमध्ये एक बारीक काळी रेघ — दिसते, मिटते, दिसते, मिटते. ते भोकातून जाणारं पाणी. "हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतं," त्या म्हणाल्या.

भाऊ पडद्याला नाक लावून उभा. मग माझा दंड इतका दाबला की उद्या काळानिळा होणार. "ताई, आत पंप आहे! अगं, तिचा स्वतःचा पंप आहे!"

इतकी वर्षं याने आपल्या पोरीला गळकी पाइपलाइन समजून वागवलं आणि आत सगळं जलकेंद्र तयार होतं. काखेत कळसा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मिरीला बटण परत हवंय. "माझं होतं ना? मग?" सिस्टर म्हणाल्या, तसं देत नाहीत. तासभर शोक. मी सांत्वनाला गेले तर म्हणते, "तुला नाही कळणार आत्या, तुला कधी बटणच नव्हतं."

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी! डोक्यावर पुढच्या बाजूला एक छोटी टाक्यांची जागा आणि कानामागे जुनी. दोन्हींभोवती केस काढलेत. शेजारच्या घरातली मैत्रीण — मिरीच्याच वर्गातली, दोन वेण्यांवाली, मी तिला 'दुशिंगी' म्हणते — बघायला आली आणि जागच्या जागी हेव्यानं हिरवीगार झाली. "मला पण असं हवं," म्हणाली. तिच्या आईने चटकन घरी नेलं.

२ मार्च, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा, कारण आज आम्ही तिघांनी मिळून आपली अब्रू घालवली.

सकाळी मिरी उठेना. हाक मारली, हूं नाही. हलवलं, कूस बदलली. भावजय दारात उभी राहून म्हणाली, "मिरी, कृपया आता उठून बसावे." झालं. तो आवाज ऐकून भावाची पाचावर धारण बसली. मी एका पायात चप्पल, एका पायात भावाचा बूट. टॅक्सी. मिरी भावाच्या खांद्यावर लोंबतेय. भोक बुजलं — हे कुणी बोललं नाही, पण टॅक्सीत तेच बसलं होतं, आमच्या मध्ये, पाचव्या माणसासारखं.

तपासलं. डोळ्यांच्या आत बघितलं. फोटो काढला. सर्जनबाई सुट्टी सोडून आल्या. सगळं उत्तम! मग त्या मिरीच्या उशाशी वाकल्या. "रात्री काय करत होतीस?"

मिरी एक डोळा किलकिला करून: "काही नाही."

"पांघरुणात?"

"...सावल्यांचे प्राणी."

"कशाच्या उजेडात?"

"बाबाच्या टॉर्चच्या."

डोळ्यांत मारायचा तोच टॉर्च! पोरीने आख्खं प्राणिसंग्रहालय भरवलं होतं. शेवटचा जिराफ झोपला तेव्हा म्हणे उजाडत आलं होतं.

मी म्हटलं, "माफ करा डॉक्टर. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पितोय."

त्या मात्र एकदम गंभीर झाल्या. "माफी कसली? आलात हे बरोबर केलंत. पुढेही यायचं. हे भोक कधीतरी, अगदी क्वचित, वर्षांनीसुद्धा बुजू शकतं. डोकेदुखी, उलट्या, अशी न उतरणारी गुंगी दिसली तर मिनिटभरही थांबू नका. लाजू तर अजिबात नका." मग टोपी काढली आणि हसल्या. "आजचं निदान वेगळं आहे. आळस."

आळस! भाऊ खाली उतरेपर्यंत प्रत्येकाला सांगत होता — लिफ्टवाल्याला, दारावरच्या पहारेकऱ्याला, टॅक्सीवाल्याला. "आळस आहे हो तिला, नुसता आळस!" टॅक्सीवाला म्हणाला, "माझ्या मुलाला पण आहे. वीस वर्षं झाली." दोघांनी हात मिळवले.

१४ मार्च, शुक्रवार

संपादकांचा फोन. "हल्ली तुमच्या लेखात चावा नाही." म्हटलं, तब्येत चांगली आहे म्हणून असेल.

२७ एप्रिल, रविवार

परवा तपासणी झाली, लिहायचं राहिलं. सगळं ठीक. भावाने घरी केलेला तक्ता काढला — मिरी किती झोपली, किती जेवली, किती वेळा कपाळाला हात लावला. सर्जनबाईंनी वाचला, घडी घातली, परत दिला. "मुलगी बरी आहे. वडिलांचं काय करायचं, तो माझा विषय नाही."

भावजय खो खो हसली. मग घरी येऊन गुपचूप मिरीच्या कपाळाला हात लावला. मी पाहिलं. तिनेही पाहिलं की मी पाहिलं. कारण माझा हात आधीच तिथे होता.

१० मे, शनिवार

मिरीने दिवाणखान्यातला दिवा फोडला. चेंडू मारून. तिघंही धावलो — "लागलं का? काच गेली का? चक्कर येतेय का?" मिरी मधोमध उभी. ज्याच्या वाढदिवसाला कुणीच आलं नाही, अशा माणसाचा चेहरा.

११ मे, रविवार

दुपारी माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. कंबरेवर हात.

"आत्या, तू बाबाला ओरडतेस."

"तो तसाच आहे."

"आईला ओरडतेस. पेपरात मंत्र्यांना ओरडतेस. मग मला का नाही?"

"तू काही केलं नाहीस ना."

"दिवा फोडला!"

"फुटला गं तो."

"फुटला नाही! मी फोडला! मुद्दाम! नेम धरून!"

पोर पुढे म्हणाली, आणि काय असूया होती त्या आवाजात! "दुशिंगीची आई तिला एवढी ओरडते की आपल्याकडे ऐकू येतं. मला कुणीच नाही. मी अजून आजारी आहे का?"

मी म्हटलं नाही, नाही गं, मुळीच नाही. तर म्हणाली, "मग ओरड." आणि समोर ताठ उभी राहिली, डोळे मिटून, इंजेक्शनला राहते तशी.

मी तोंड उघडलं. या तोंडानं भले भले पळवलेत. बाहेर काय आलं? "असं करू नये हं, बाळा."

मिरीने डोळे उघडले. "हे ओरडणं नव्हतं."

"नव्हतं," मी कबूल केलं.

"तुझ्याकडे माझा एक ओरडा राहिला."

"राहिला."

दार उघडून गेली. तिचं म्हणणं रास्त होतं. ठरवून ओरडता येत नाही, ही अडचण माझी.

२४ मे, शनिवार

दुशिंगीला आता शिंग एकच आहे. दुसरं आमच्या न्हाणीघरात सापडलं. माझी कागद कापायची लांब कात्री घेऊन मिरीने तिच्या कानामागचं सगळं भादरलं, "माझ्यासारखं" करून द्यायला. कानाच्या पाळीपासून कात्रीचं टोक केसभर दूर होतं, आणि मी दारात उभी.

मग मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. अक्कल कुठे गहाण ठेवलीस, कान गेला असता म्हणजे, डोळा गेला असता म्हणजे, परत माझ्या टेबलाला हात लावशील तर — सगळं, सगळं, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत. मिरी भोकाड पसरून रडली. "तू दुष्ट आहेस! मी तुझ्याशी कध्धी कध्धी बोलणार नाही!" दार असं आपटलं की रंगाचा पोपडा पडला.

भावजय खुर्चीतून अर्धी उठली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा बसली. भावाने संत्रं सोलायला घेतलं. आत पोर रडत होती, आणि कुणी गेलं नाही.

बऱ्याच वेळाने गॅलरीतून तिचा आवाज आला. नाक अजून चोंदलेलं, पण मान नक्कीच ताठ असणार. शेजारच्या गॅलरीतल्या एकशिंगीला विचारत होती:

"तुमच्याकडे ऐकू आलं ना? ते मला होतं."